एफएमजीई तिसऱ्या प्रयत्नात निघाली : सोलापुरात घरी बसून केलेला अभ्यास

पूर्वभागची_लेक

नमस्कार मंडळी. बाहेरच्या देशातून एमबीबीएस करून आलेल्यांना भारतात डॉक्टरकी करायला एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते. असे बरेच जण इथे वाचत असतात, लिहितात मात्र थोडेच. नापास झालं की लिहावंसं वाटत नाही, पास झालं की वेळ मिळत नाही. माझी इंटर्नशिप सुरू आहे, आज सुट्टी मिळालीय, म्हणून बैठक मारून लिहिते.

माझं एमबीबीएस किर्गिझस्तानात झालं. शाळा मराठी माध्यमाची, घरात तेलुगू. आई विड्या वळते, नान्ना टॉवेलच्या कारखान्यात होते. पहिल्या वेळी मला १२१ मार्क पडले, दुसऱ्या वेळी १३८ आणि तिसऱ्या वेळी १८४. पास व्हायला ३०० पैकी १५० लागतात. म्हणजे दुसऱ्या वेळी मी बारा प्रश्नांनी गेले. ते बारा प्रश्न माझ्या डोक्यातून कितीतरी दिवस जात नव्हते. ते कुठे गेले हे शोधताना मला जे सापडलं तेच सांगणार आहे.

पहिल्या दोन्ही वेळी मी पुण्यात खोली घेऊन क्लास लावला होता. दिवसाला आठ-नऊ तास व्हिडिओ बघायचे, नोट्स तीन रंगांनी रंगवायच्या. एकूणएक पान ओळखीचं झालं होतं. कुठल्या पानावर कोणती आकृती आहे हेसुद्धा सांगता यायचं. परीक्षेत प्रश्न वाचला की वाटायचं, हे आपण वाचलंय, उजवीकडच्या पानावर खाली आहे. आणि तेवढ्यावरच अडायचं.

दुसरा निकाल लागल्यावर पैसे संपले होते, मी सोलापूरला परत आले. एका संध्याकाळी नोट्स मिटून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे नेफ्रोटिक सिंड्रोमबद्दल जे येतं ते लिहायचं ठरवलं. ‘लघवीतून प्रोटीन जातं’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर, रक्तातलं अल्ब्युमिन कमी, कोलेस्टेरॉल जास्त, अंगावर सूज, एवढंच तर होतं. ते पान मी चार वेळा वाचलं होतं, तरी एक ओळ निघाली. त्या रात्री मला कळलं की मी पाच महिने फक्त ओळख वाढवत होते. आठवायचा सराव एक दिवसही केला नव्हता.

मग चिठ्ठ्या सुरू केल्या. कॅलेंडरचे कागद कापून एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. दोन्ही देवनागरीत लिहिलं, कारण ते विचारणार होती आई. आई सातवी शिकलेली आहे, मराठी वाचते. संध्याकाळी ती मांडीवर सूप घेऊन बसायची. पत्र्याच्या मापाने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांचं बंडल बांधून झालं की हात पुसून एक चिठ्ठी उचलायची. मी समोर भिंतीला टेकून बसलेली. उत्तर आलं तर चिठ्ठी उजवीकडे, नाही आलं तर डावीकडे. ‘जवळपास बरोबर’ असा प्रकार आईकडे नव्हता, कारण तिला त्यातलं काही कळत नव्हतं. लिहिलंय तेच यायला पाहिजे. मला ह्याचा फार फायदा झाला. स्वतःच स्वतःला तपासताना आपण हळूच मार्क वाढवतो.

एके दिवशी तिने वाचलं, ‘सुताच्या गिरणीतला कामगार. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेला की छाती आवळते, दम लागतो. पुढच्या दिवसांत कमी होतं. रोग कोणता?’ मी म्हटलं, बिसिनोसिस, कापसाच्या धुळीने होतो. आईने चिठ्ठी खाली ठेवलीच नाही. म्हणाली, “हे तुझ्या ताताला होतं. सोमवारी मिलमधून आले की उंबऱ्यावरच बसून राहायचे, आत यायला दम नसायचा. आम्हाला वाटायचं रविवारचं पिणं असेल.” माझे तात, म्हणजे आजोबा, कधी दारू प्यायले नव्हते, पण घरात तसा समज होता. आजोबांचा आजार मला परीक्षेच्या चिठ्ठीतून कळला. तो प्रश्न मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेव्हापासून मी शक्य तेवढे विषय गावाला बांधले. वारीच्या वेळी पंढरपुरात पाणी शुद्ध करायचं काम डोळ्यांसमोर आणलं की क्लोरिनेशन पाठ होतं. एक तासाच्या संपर्कानंतर पाण्यात मोकळं क्लोरीन लिटरला अर्धा मिलिग्रॅम राहिलं पाहिजे. ब्लीचिंग पावडर किती लागेल ते तपासायच्या हॉरॉक्सच्या पेटीत ज्या कपात पहिल्यांदा निळा रंग दिसतो त्याच्या आकड्याला दोनने गुणायचं, तेवढे ग्रॅम ब्लीचिंग पावडर ४५५ लिटर पाण्याला. तिसऱ्या कपात निळा आला तर सहा ग्रॅम. हे मी आमच्या गल्लीतल्या नळाच्या रांगेत उभी राहून पाठ केलं. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, रांगेत वेळ भरपूर मिळतो.

विषयांचं गणितही सांगते, कारण मी ते फार उशिरा मांडलं. पेपर दोन, प्रत्येकी १५० प्रश्न आणि १५० मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही. अॅनाटॉमीसारख्या प्री आणि पॅरा-क्लिनिकल विषयांना मिळून १००, क्लिनिकलला २००. ह्या २०० मध्ये पीएसएमला (म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयाला) ३०, स्त्रीरोग-प्रसूतीला ३०, नेत्र, कान-नाक-घसा आणि बालरोग ह्यांना प्रत्येकी १५. पुण्यात असताना मी अॅनाटॉमीला दीड महिना दिला, तिला मार्क १७. पीएसएम शेवटच्या चार दिवसांत उरकलं, त्याला ३०. माझे बारा प्रश्न कुठे गेले ह्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

बाकी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माहीत असेल ते सांगेन.

करमाळ्याचा_गडी

अक्का, वाचून डोळ्यात पाणी आलं. मी एकदा आपटलोय, १३० वर. पुढच्या अटेम्प्टला बसणार आहे. माझा चुलतभाऊ साखर कारखान्यात बगॅसच्या यार्डात आहे. तुमचं वाचून लगेच चिठ्ठी केली : बगॅसोसिस, उसाच्या चिपाडाची बुरशी लागलेली धूळ, थर्मोअॅक्टिनोमायसिस सॅकराय, प्रतिबंधाला दोन टक्के प्रोपिऑनिक अॅसिडची फवारणी. भावाला फोन करून विचारलं तोंडाला फडकं बांधतोस का, तर म्हणे कधीतरी. त्याला चार शब्द सुनावले.

आता माझा प्रश्न. क्यूबँक, म्हणजे सरावाच्या प्रश्नांचा साठा, किती सोडवायची? माझे मित्र म्हणतात दहा हजार प्रश्न झाल्याशिवाय पास होत नाही. माझे दोन हजारही झाले नाहीत, रात्री झोप लागत नाही.

पूर्वभागची_लेक

भाऊ, आकड्याच्या मागे लागू नका. दुसऱ्या वेळी माझे खूप प्रश्न झाले होते, तरी गेले. सोडवायचा, बरोबर-चूक बघायचं, पुढे जायचं, असं केलं की काही उरत नाही. तिसऱ्या वेळी मी रोज फक्त साठ प्रश्न सोडवले, पण चुकलेल्या प्रत्येकाची नोंद वहीत केली. वहीला तीन रकाने. पहिला : मला हे माहीतच नव्हतं. दुसरा : माहीत होतं, आठवलं नाही. तिसरा : प्रश्न नीट वाचला नाही.

पहिल्या महिन्यात मला वाटत होतं पहिला रकाना भरेल. भरला तिसरा. एका जीटीमध्ये, म्हणजे पूर्ण सराव परीक्षेत, माझे सतरा मार्क निव्वळ वाचण्यात गेले होते. ‘खालीलपैकी कोणते लक्षण आढळत नाही’ असं विचारलेलं आणि मी आढळणारं लक्षण टिक करून मोकळी. वय दोन महिने लिहिलेलं, मी दोन वर्षं समजले. इंग्रजी वाक्य लांब असलं की मराठी माध्यमाच्या मुलांचं मन शेवटपर्यंत पोचायच्या आत उत्तराकडे पळतं. म्हणून मी आधी शेवटची ओळ वाचायला लागले, नेमकं विचारलंय काय ते कळलं की मग वरून पेशंटची गोष्ट. ही एक सवय लागल्यावर तिसरा रकाना जवळजवळ बंद झाला.

पहिल्या रकान्याला पुस्तक उघडावं लागतं, दुसऱ्याला चिठ्ठी. औषध वेगळं आहे, एकाच्या जागी दुसरं घेतलं की वेळ जातो.

आणि झोप नक्की घ्या. रात्री अकराला दिवा बंद.

नवीपेठ_७७

छान लिहिलंय ताई, पण एक शंका. परीक्षा पूर्ण इंग्रजीत असते. चिठ्ठ्या मराठीत केल्या तर ऐन वेळी गोंधळ नाही का होत? आमच्याकडे सर सांगतात की विचारसुद्धा इंग्रजीतच करा.

पूर्वभागची_लेक

रोगाचं, औषधाचं, तपासणीचं नाव मी इंग्रजीच ठेवलं, फक्त अक्षरं देवनागरी. ‘का होतं’ हे मात्र माझ्या भाषेत. हार्ट फेल्युअरमध्ये पाय का सुजतात हे मी आईला मराठीत समजावून सांगू शकले, तेव्हा मला ते खरं कळलं. त्याआधी फक्त इंग्रजी वाक्य पाठ होतं. सरांचा अनुभव मोठा आहे, पण ह्या बाबतीत मी माझ्या चिठ्ठ्यांच्या बाजूने आहे.

सिव्हिल_नाईट_ड्युटी

मी सिव्हिललाच आहे. तुमचं बहुतेक पटलं, पण एका गोष्टीवर भांडणार. पीएसएम आणि छोटे विषय करा म्हणताना मेडिसिन-सर्जरी मागे पडायला नको. मेडिसिन ३३, सर्जरी ३२. शिवाय मेडिसिनखाली मानसोपचार, त्वचा, रेडिओथेरपी पाच-पाच आणि सर्जरीखाली ऑर्थो, भूल, रेडिओलॉजी पाच-पाच. म्हणजे ह्या दोन छत्र्यांखाली ९५ मार्क आहेत.

आणि हे विषय खोलीत बसून नीट येत नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडे अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून सर्पदंशाचे पेशंट येतात. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवायची. मग तिरकी करून बघायचं, गोठलं की नाही. नाही गोठलं तर घोणस किंवा फुरसे. रक्त गोठलंय पण पापण्या जड झाल्यात, बोलणं अडखळतंय, तर नाग किंवा मण्यार. अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, ह्या चौघांवर एकच चालतं. वीस मिनिटं नातेवाइकांसोबत त्या नळीकडे बघत उभं राहिलेल्या माणसाला हा प्रश्न चुकणं शक्य नाही.

फवारणीचं औषध प्यालेलाही असाच. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, घामाने अंग ओलं. अॅट्रोपिन कधीपर्यंत द्यायचं? छातीतला घरघराट कोरडा होईपर्यंत. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत बसू नका, तो पर्याय मुद्दाम दिलेला असतो.

पास व्हायच्या आधी पेशंटला हात लावता येत नाही हे मला माहीत आहे. पण ओळखीच्या डॉक्टरांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, आठवड्यातून एखादी संध्याकाळ ओपीडीत मागे उभं राहून बघायला काय हरकत आहे?

पूर्वभागची_लेक

भांडण मान्य. माझ्या लिहिण्यात मेडिसिन-सर्जरी खरंच मागे पडलं. बाहेर शिकताना भाषेमुळे आमचा पेशंटशी बोलण्याचा संबंध कमी आला, तो खड्डा भरायलाच लागतो. आमच्या गल्लीजवळच्या एका डॉक्टरबाईंनी मला त्यांच्या दवाखान्यात कोपऱ्यात स्टूल टाकून दिलं होतं, तीन महिने मंगळवार-शुक्रवार. लसीकरणाचं वेळापत्रक मला तिथे आलं. बाळ समोर आलं की मनात म्हणायचं, दीड महिन्याचं आहे, ह्याला काय काय द्यायचं.

बार्शीचे_डॉक्टरकाका

मुलांनो, मी परीक्षा देऊन फार वर्षं झाली, तुमच्या ह्या परीक्षेबद्दल मला सांगता येणार नाही. दोनच गोष्टी.

विंचवाचा प्रश्न आला तर प्राझोसिन विसरू नका. हे औषध विंचूदंशावर वापरायला आपल्याच महाराष्ट्रातल्या, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी शिकवलं. मी तरुण असताना विंचू चावलेली लहान मुलं डोळ्यांदेखत जायची, फुप्फुसात पाणी भरून. प्राझोसिन आल्यावर ती जगायला लागली. हा तुमच्यासाठी एका मार्काचा प्रश्न आहे, पण त्याच्यामागे काय आहे ते माहीत असू द्या.

दुसरं भाषेबद्दल. सोलापूरची मुलं आहात. भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीसांचं स्मारक बघता ना? १९३८ साली ते चीनला गेले, चिनी भाषा शिकले आणि तिथल्या मुलांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवलं. १९४२ मध्ये गेले तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांचे होते. तेव्हा मराठीत समजून घेतलं म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. आणि तुम्ही बाहेरून शिकून आलात म्हणून कुणी नाक मुरडलं तर मान खाली घालू नका. पेशंट तुमची डिग्री कुठली ते विचारत नाही, बरं वाटेल का ते विचारतो.

करमाळ्याचा_गडी

काका, नमस्कार.

अक्का, अजून एक. उन्हाळ्यात अभ्यास कसा केलात? आमच्याकडे पत्र्याचं घर, दुपारी बाराच्या पुढे डोकं चालत नाही.

पूर्वभागची_लेक

आमच्याकडेही पत्राच. मे महिन्यात सोलापूरची दुपार कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे, तिच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. पहाटे चार ते साडेसात नवीन वाचायचं. दुपारी एमपीएससीच्या मुलांच्या अभ्यासिकेत जागा घेतली होती, कूलर असलेली. तिथे फक्त प्रश्न सोडवायचे. संध्याकाळी आई आणि चिठ्ठ्या. दर रविवारी पूर्ण जीटी, परीक्षेच्याच वेळेला, सकाळी एक पेपर आणि दुपारी दुसरा. दुसऱ्या पेपरला माझं डोकं तासाभरात जड व्हायचं. चार-पाच रविवार गेले तेव्हा सवय झाली. मधल्या वेळेत पोटभर जेवायचं नाही हेही तेव्हाच कळलं. परीक्षेला मी ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दह्याची डबी नेली होती.

सेंटर पुण्याला होतं. आदल्या दिवशी गेले, मावशीकडे राहिले. पहाटेची गाडी पकडून थेट परीक्षेला जायचं धाडस कुणी करू नका.

‘मागच्या वेळचे प्रश्न’ म्हणून जे फिरतं त्याबद्दलही सांगते. परीक्षा मंडळ पेपर बाहेर देत नाही. जे फिरतं ते कुणीतरी आठवून लिहिलेलं असतं, त्यात पर्याय बदललेले, कधी उत्तरही चुकीचं. त्यातून विषय घ्या, उत्तर पुस्तकातून घ्या. दुसऱ्या वेळी मी अशी उत्तरं डोळे झाकून पाठ केली होती.

आणि एकही प्रश्न मोकळा सोडू नका. पहिल्या वेळी वेळ संपला तेव्हा माझे नऊ प्रश्न कोरे होते.

जुळेसोलापूर_आई

नमस्कार. मी डॉक्टर नाही, एका मुलाची आई आहे. मुलगा बाहेरून शिकून आलाय, दोनदा परीक्षा दिली, गेली. आता खोलीतून बाहेर येत नाही. नातेवाईक आले की दार लावून घेतो. जेवायला हाक मारली तर नंतर म्हणतो. त्याच्याशी काय बोलावं कळत नाही. मी काही विचारलं की त्याला वाटतं निकालाचंच विचारतेय. तुमचं लिखाण मी रात्री दोनदा वाचलं.

पूर्वभागची_लेक

काकू, मी पण तशीच दार लावून बसायचे. गड्ड्याच्या यात्रेत सगळी गल्ली गेली, मी अंगात कणकण आहे म्हणून घरात राहिले, कारण तिथे शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या असत्या. तेव्हा माझी आई एवढंच म्हणाली, “मला वाचता येतं. दे, मी विचारते.” तिने कधी किती अभ्यास झाला असं विचारलं नाही. त्याला म्हणा, मला दहा चिठ्ठ्या लिहून दे, मी स्वयंपाक करताना विचारेन. नाही म्हणाला तर दोन दिवसांनी परत म्हणा.

आणि काकू, तो जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यावरचं मन उडाल्यासारखं बोलत असेल तर परीक्षा बाजूला ठेवा आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलतात. मी दुसऱ्या निकालानंतर तिथे फोन केला होता. मला त्याचा उपयोग झाला.

सिव्हिल_नाईट_ड्युटी

काकू, मुलाला ह्या धाग्यावर लिहायला सांगा. नाव नको, कुठे शिकला तेही नको. तो म्हणाला तर मी नाईट नसेल तेव्हा तासभर फोनवर सर्जरीचे प्रश्न घेईन.

जुळेसोलापूर_आई

आठ दिवसांनी लिहितेय. पहिल्या दिवशी नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून अकरा चिठ्ठ्या ओट्यावर ठेवल्या. काल भाकऱ्या थापत विचारल्या. चार आल्या, सात नाही आल्या. एक शब्द मला वाचताच येईना, तेव्हा तो हसला आणि जवळ येऊन वाचून दाखवला. आता त्या सात चिठ्ठ्यांचं काय करायचं? परत त्याच विचारल्या तर चिडणार नाही ना?

पूर्वभागची_लेक

नाही चिडणार काकू. त्या सात उद्या सकाळी चहाच्या वेळी परत विचारा, उत्तर आलं की त्यावर तारीख टाका आणि तीन दिवसांनी पुन्हा. आलेल्या चार रविवारी. आणि न वाचता येणारा शब्द त्यालाच मोठ्या अक्षरात परत लिहून मागा.